खिरापत ओळखू नको

माझ्या थोरल्या भावानं माझ्या आईला फसवलं. गावचं घर त्यानं विकलं, घेणाऱ्यानं ते पाडलं, आणि आईला मात्र तो शेवटपर्यंत सांगत राहिला की घर जागेवर आहे, छपराचे कवेलू फेरणं तेवढं चालू आहे, झालं की नेतो. आई वर्ध्याला त्याच्याच क्वार्टरमध्ये वारली. घर पुन्हा तिच्या नजरेला पडलं नाही.

हे आधीच सांगून टाकते. माझा धंदा कापडाचा आहे, आणि गिऱ्हाइकापुढे आधी ताका उलगडायचा, बोलायचं ते नंतर, ही माझी रीत आहे. समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. नवरा गेल्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन एस.टी.नं गावोगाव फिरले, त्यातून ते उभं राहिलं. कोणी दिलं नाही. माझं तोंड तिखट आहे असं लोक म्हणतात, ते खरं आहे. घराच्या वाट्यासाठी मी भावाशी भांडते असंही म्हणतात, ते खोटं आहे. त्या घरात मागण्यासारखं होतं काय? मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या आणि परसात एक सीताफळाचं झाड. मी भांडते ते आईसाठी. पण आई कशी होती हे कळल्याशिवाय ते भांडण कोणाला कळायचं नाही.

आई बुटकी होती, सावळी होती, नऊवारी लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं असायचं. तिचा आवाज इतका हळू की ऐकायला माणसाला जवळ जावं लागे, आणि जवळ गेलेल्या माणसाला ती काहीतरी खायला देई. शेंगदाणे, गुळाचा खडा, काकडीची फोड, काहीच नसलं तर चुलीतलं भाजलेलं वांगं. ओच्यात तिच्या सदा काहीतरी असायचंच. माझी मुलं आणि दादाची रंजू तिला 'आजी' म्हणण्याआधी तिचा ओचा चाचपून बघायची.

तिला भाव करता येत नसे. माझ्या अंगात हा गुण कुठून आला कोण जाणे, तिच्याकडून नक्कीच नाही. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघी बाजारात माठ घ्यायला गेलो. मी कुंभारणीशी भरपूर घासाघीस केली. माठ वाजवून दाखवला, नसलेली चीर दाखवली, उठून चालू लागले, तिनं हाक मारली. मला हवा त्या भावात माठ मिळाला. आई बाजूला बसून कुंभारणीच्या तान्ह्या पोराला खेळवत होती. घरी आल्यावर तिनं सूपभर ज्वारी काढली, पदराखाली झाकली आणि निघाली.

"कुठी चालली?"

"तिच्याकडं."

"काऊन? सौदा झाला ना."

"तुहा झाला," आई म्हणाली. "माहा राह्यला."

मी संतापून माठाला लाथ मारणार होते. आई वळून म्हणाली, "फोडू नको, मस्त माठ आहे. तू त्याले उगंच नाव ठेवत होती." आणि गेली.

तिची अशी एक सवय होती की समोरच्याला जिंकू द्यायचं आणि त्याला ते कळू द्यायचं नाही. ही सवय मला सगळ्यात जास्त दिसली ती भुलाबाईत.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमच्याकडे मातीच्या भुलाबाई बसतात. शेजारी भुलोजी, मांडीवर बाळ. तिथून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघरी फिरतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरची खिरापत. पण खिरापत आयती हातावर पडत नाही. झाकण लावलेला डबा समोर येतो. घरची बाई तो हलवते आणि आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. मुरमुरे सळसळतात, फुटाणे खडखडतात, लाडू ठोकर देतात. ओळखली की खिरापत हरली आणि पोरी जिंकल्या. कोणालाच ओळखता आली नाही तर त्या घरच्या बाईचं नाव दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीत चालतं.

आमच्या घरच्या भुलाबाई चुलीसमोरच्या कोनाड्यात बसायच्या. त्या दरवर्षी नव्या आणायच्या नाहीत, आईच्या सासूपासूनच्या त्याच होत्या. नाकाचा शेंडा उडालेला. आई दरवर्षी त्यांना गेरू लावायची आणि म्हणायची, "नाक राहू दे, तेवढं नवं लावलं का वयखू येनार नाई."

बहात्तरच्या दुष्काळात, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या त्या वर्षी, बहुतेक घरांनी भुलाबाई बसवल्या पण खिरापतीला हात आखडला. आमच्याकडे तर डाळ मोजायलाही नव्हती. मी आईला म्हटलं, आज दार लावून घेऊ. तिनं दार लावलं नाही. पोरी आल्या, गाणी झाली, आईनं पितळेचा डबा आणला आणि कानाशी हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. नाही. पोरी एकेक नाव घेऊ लागल्या. भिजवलेली डाळ, शिरा, खोबऱ्याची वडी. जे कोणाच्याच घरात महिनाभर शिजलं नव्हतं त्याची नावं घेता घेता पोरींना चेव आला. बासुंदी, पुरणपोळी, जिलबी. शेवटी हरल्या. आईनं झाकण काढलं. आत पाणी होतं, काठोकाठ, वर तुळशीचं पान. काठोकाठ भरलं की डबा वाजत नाही. पोरी अशा हसल्या की गिरजाकाकू, आमची शेजारीण, भिंतीपलीकडून विचारू लागली काय झालं म्हणून. एकेकीनं ओंजळीत पाणी घेतलं. त्या रात्री त्या पोरी उपाशीच झोपल्या असतील. पण खिरापत खाऊन झोपल्या.

दुसऱ्यांच्या घरची खिरापत आईला गल्लीच्या वळणावरच कळायची. वासानं, आवाजानं, डबा धरलेल्या हाताच्या वाकण्यानं. पण तोंडानं ती बरोबर नाव घेत नसे. गिरजाकाकूची बेबी लहान होती, तिनं एकदा स्वतः डबा हलवला. आत गूळ-फुटाणे होते, हे आंधळ्यालाही ऐकू गेलं असतं. आई म्हणाली, "पेढे आहेत काय वो?" बेबी नाचू लागली. "नाई. नाई." आई म्हणाली, "मंग करंजी. नाई? मंग बर्फीच असंन, माह्याकडून होत नाई आता." बेबीनं झाकण काढलं तेव्हा आई गूळ-फुटाण्याकडे अशी बघत होती, जणू तो खरोखर पेढ्यापेक्षा मोठा ऐवज आहे.

येताना मी विचारलं, "तुले माहीत होतं ना?"

"होतं."

"मंग काऊन हारली?"

"मी वयखलं असतं तं ती कायले हासली असती? डबा लपवून आनते ना लेकरू, ते वयखून घ्याले नसते आनत."

मला हे पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. ज्याला कळतं त्यानं बोलावं, असं माझं मत आहे.

आता दादा. त्याचं नाव गजानन, आई त्याला गजू म्हणे. अभ्यासात हुशार होता, वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून झाला, क्वार्टर मिळालं. वाईट माणूस नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोला मारलं नाही. एक खोड मात्र त्याला लहानपणापासून होती: खोटं बोलायचं झालं की तो पुस्तकातली भाषा बोलायचा. सहासात वर्षांचा असताना त्यानं पाण्याचा माठ फोडला. आम्ही सगळे घरात 'मले, तुले' बोलणारे. आईनं विचारलं, माठ कोनं फोडला. हा छाती काढून म्हणाला, "मला ठाऊक नाही. मी तर शाळेत गेलो होतो." आई हसून हसून खाली बसली. तेव्हापासून ती मला डोळ्यानं खूण करायची. दादा शुद्ध बोलायला लागला की समजायचं, कुठंतरी माठ फुटला आहे.

आणि कवेलू. आमच्या घराच्या कवेलूंचं सगळं आईच्या हातात होतं. वैशाख संपत आला, आभाळ अजून कोरडं आहे, अशा वेळी छपरावरचे कवेलू खाली उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, झाडून, पालापाचोळा काढून पुन्हा ओळीनं चढवायचे. याला कवेलू फेरणं म्हणतात. वर गडी असायचा, खाली आई. एकेक कवेलू ती बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायची, चिरलेला असला तर तिला आवाजावरून कळायचं. दरवर्षी मृगाच्या आधी हे काम संपलंच पाहिजे. एकदा पाऊस सुरू झाला की पोळा जाऊ दे, दिवाळी जाऊ दे, छपराला कोणी हात लावत नाही. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

वडील गेल्यावर आई एकटीच त्या घरात राहिली. दादा बोलवायचा, ती जायची, आठ दिवसांत परत यायची. "तिथल्या भिंती लई सरळ आहेत," म्हणायची. पंच्याहत्तरीच्या पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पाणी आणताना दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा गिरजाकाकूनं उचलून आणली. त्या वर्षी होळी झाल्यावर दादा आला आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तिला वर्ध्याला घेऊन गेला. आठ दिवसांसाठी म्हणून. आईनं अंगावरचं एक आणि पिशवीतलं एक, अशी दोन लुगडी घेतली. भुलाबाईंना कोनाड्यातच फडक्यानं झाकलं आणि किल्ली गिरजाकाकूकडे दिली.

ऑपरेशन चांगलं झालं. मी भेटायला गेले तेव्हा तिला जाड काचेचा चष्मा लागला होता. मला बघून म्हणाली, "तू एवढी जाडी झाली, मले कोनं सांगितलंच नाई." पण आठ दिवस झाले, आणि दादानं नेलं नाही. आधी म्हणाला ऊन फार आहे. मग म्हणाला पाऊस आहे, गावचा रस्ता बंद आहे. मला वाटलं, काळजीपोटी म्हणतो. तो म्हणत होता त्यात खरंही होतं. एकट्या म्हाताऱ्या बाईला त्या घरी सोडायचं कसं? हे त्यानं मला तोंडावर विचारलं असतं तर मलाही उत्तर सुचलं नसतं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी गिरजाकाकू माझ्या दुकानात आली. बेबीचं लग्न ठरलं होतं, लुगडी बघायला आली होती. एक हिरवं लुगडं उजेडात धरून ती म्हणाली, "तुमचं घर पाडलं तवा लई वंगाळ वाटलं वो. पन तू आली नाई."

मी विचारलं, कोणतं घर.

तिनं लुगडं खाली ठेवलं. "सुमे, तुले सांगितलं नाई गजूनं?"

वैशाखातच घर विकलं होतं. दादाला सावंगीच्या अंगाला प्लॉटवर स्वतःचं घर बांधायचं होतं. कागदोपत्री घर वडिलांनंतर त्याच्या नावावर होतं, म्हणून विचारायची गरज पडली नाही. घेणारा खताचा व्यापारी, त्याला गोडाऊन टाकायचं होतं. ज्या दिवसांत आई कवेलू वाजवून बघायची, त्याच दिवसांत ते कवेलू ट्रॅक्टरवर चढून गेले.

"अन् तू वर्ध्याले गेलती ना मधात?" मी विचारलं. "आईले भेटली ना? काय सांगितलं तिले?"

गिरजाकाकू रडायला लागली. "गजूनं मले फाटकातच धरलं. म्हने, काकू, आईला काही बोलू नका, तिच्या जिवाला धक्का बसेल. तिनं विचारलं, माह्या तुळशीले पानी घालतं ना? मी म्हटलं, घालतो ना बाई, रोज घालतो." आमच्याकडे बायकाही 'घालतो, जातो' असंच बोलतात. "तिनं माहा हात धरला अन् म्हनली, लई चांगली आहेस तू. मले मेल्यासारखं झालं वो सुमे."

म्हणजे एकटा दादा नाही. जो जो वर्ध्याला जाऊन आईला भेटला, त्या प्रत्येकानं फाटकातून हे खोटं सोबत नेलं होतं. कोणी सीताफळं लागल्याचं सांगितलं, कोणी मांजरीनं आमच्या घरात पिल्लं घातल्याचं. एक पूर्ण गाव माझ्या आईशी खोटं बोलत होतं, आणि ती प्रत्येकाच्या हातात ओच्यातले शेंगदाणे ठेवत होती.

मी दुकान बंद करून त्याच दिवशी निघणार होते, पण सणाचे दिवस होते आणि राग असला तरी धंदा मी जाणते. कोजागिरीच्या दिवशी दुपारच्या बसनं गेले. रस्ताभर मनात शब्द लावत होते. दादाला काय बोलायचं, वहिनीला काय, आणि आईला कसं सांगायचं.

क्वार्टरच्या व्हरांड्यात आई बसली होती. समोर ज्वारीचे पाच धांडे उभे करून बांधलेले, त्यांच्याखाली पाटावर रंजूनं कागदावर रंगवलेल्या भुलाबाई. संध्याकाळी क्वार्टरमधल्या पोरी येणार होत्या. त्यात एक पुण्याकडची होती, तिची आई म्हणे आमच्याकडे भोंडल्यात हत्ती असतो, तर माझ्या आईनं तिला सांगितलं होतं, हत्ती पन आन, माह्या भुलाबाईले चालते. आईच्या मांडीवर पितळेचा डबा. दादा सुट्टीमुळे घरीच होता, दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा. मला बघून त्याचा चेहरा उतरला. त्याला माझं तोंड माहीत आहे.

मी चपला काढल्याच नाहीत. म्हटलं, "आई, मले तुले एक सांगायचं आहे."

"सांगजो. पैले हे वयख." तिनं डबा कानाशी हलवला. आवाज आला नाही.

"आई, खेळ नको आता."

"वयख तं."

"पानी आहे," मी म्हटलं.

"हारली." ती खूश झाली. "लहानपनापासून तुले एकदाच हरवलं, आज दुसऱ्यांदा." मग दाराकडे न बघता म्हणाली, "गजू म्हनते घराचे कवेलू फेरून राह्यले. भादव्यापासून फेरून राह्यले. लई मोठं झालं असंन आता आपलं घर."

दारातून दादा म्हणाला, "हो आई. काम जरा लांबलं आहे. मजूर मिळत नाहीत सध्या. झालं की मी स्वतः तुला घेऊन जाईन."

आईनं जाड काचेच्या वरून माझ्याकडे बघितलं. तीच नजर, माठ फुटल्याची. भादव्यात, वरून पाऊस पडत असताना, छपरावरून कवेलू काढल्याचं त्या कारकून झालेल्या माणसानं आपल्या आईला सांगितलं होतं. वर्ध्याच्या स्लॅबखाली राहून त्याला कवेलूंचा महिनाच आठवत नव्हता.

मला सगळं कळलं, आणि कळलं म्हणूनच माझा ताबा सुटला. "आई, ते घर—" एवढंच मी बोलले. तिनं डब्यात हात घातला आणि मूठभर मलिदा माझ्या तोंडात कोंबला. चपातीचा, गुळाचा, दाबून दाबून भरलेला. मला बोलता येईना. तिचा हात माझ्या तोंडावरच होता.

"खा," ती म्हणाली. "वयखू नको."

दादा आत गेला. त्याला वाटलं, म्हातारी लेकीचे लाड करून राह्यली.

मागच्या नळावर ती भांडी विसळायला बसली, मी तिच्याजवळ. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे.

"त्यानं कवेलूचं सांगितलं तवाच. त्याच्या आधी शंका होती. सगळे येनारे एकसारखंच सांगत होते, अन् कोनीच भांडन सांगत नवतं. गावात चार महिने भांडन नाई असं होते काय?"

"मंग बोलत काऊन नाई? मी बोलतो. आत्ता बोलतो."

"बोलून घर उभं होनार आहे काय?"

"त्याले लाज तं वाटंन."

"वाटंन ना," आई म्हणाली. "रोज वाटंन. सकाळी चहा देताना वाटंन, जेवाले बसताना वाटंन. मंग तो माह्यापुढं यानं बंद करंन. मले याच घरात राहा लागते, सुमे."

मी म्हटलं, माझ्या घरी चल. आत्ता चल. दुकानामागे दोन खोल्या आहेत, मुलं आहेत.

तिनं तांब्या घासायला घेतला. "पोरगा असून लेकीच्या घरी राह्यलो तं लोक गजूले काय म्हनतीन?" मग हळूच, इतकं हळू की मला वाकावं लागलं, तिनं विचारलं, "भुलाबाई निघाल्या का वो? का भिंतीसोबत गेल्या?"

निघाल्या होत्या. गिरजाकाकूनं गड्याच्या हातापाया पडून कोनाडा शेवटी पाडायला लावला होता, आणि फडक्यासकट त्या तिच्याकडे होत्या. मी आईला तसं सांगितलं. म्हटलं, उद्याच आणून देते.

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो फुलला आणि मग तिनं तो स्वतःच्या हातानं विझवला. लुगड्याच्या पदरानं पुसला.

"नको आनजो," ती म्हणाली. "त्या इथं दिसल्या तं गजूले समजंन मले समजलं म्हनून. तुह्याकडं ठेव. गेरू लावजो. अन् मी आहो तोवर त्याले काई बोलू नको."

मी कबूल केलं. आयुष्यात एवढा तोट्याचा सौदा मी दुसरा केला नाही.

त्यानंतर ती सव्वा वर्ष होती. मी महिन्यातून एकदा जायचे. पुढच्या उन्हाळ्यात दादानं सांगितलं की भिंतीही नव्यानं लिंपायच्या आहेत, मग सांगितलं की सुतार पळाला. आई प्रत्येक वेळी काहीतरी विचारायची, म्हणजे त्याला पुढचं सांगायला सोपं जावं. खोली वाढवून राह्यला काय? खिडकी ठेवजो बापा पूर्वेकडं. तो हो म्हणायचा. सावंगीकडचं त्याचं घर तेव्हा जोत्यापर्यंत आलं होतं. मी बाजूला बसून दात खायचे. रंजू एकदा म्हणाली, "आजी, आपलं गावचं घर पूर्ण झालं की मला कोणती खोली?" आई म्हणाली, "कोनाड्याजवळची." पोरगी खूश. मला उठून बाहेर जावं लागलं.

शेवटची भेट पौषातली. थंडी होती, ती उन्हात खुर्ची टाकून बसली होती, पाय सुजलेले, उठवत नव्हतं. मी निघाले तशी तरीही उठली आणि फाटकापर्यंत आली. तेच फाटक, जिथं सगळ्यांना खोटं शिकवून आत सोडलं जायचं. दादा व्हरांड्यात पेपर वाचत होता. आईनं ओच्यातून बोरं काढून माझ्या पिशवीत टाकली. मग मान वळवून, त्याला ऐकू जाईल एवढ्या, म्हणजे तिच्या मानानं खूपच मोठ्या आवाजात म्हणाली, "येजो वो. अन् गावाकडून जाशीन तं पाहून येजो कवेलू फेरून झाले का."

मी म्हटलं, "पाहतो."

"पडवीचे नीट पाहजो."

आणि ती हसली. दादाकडे पाठ होती म्हणून त्याला दिसलं नाही. मी वळणापर्यंत जाऊन मागे बघितलं तर ती फाटकाला धरून उभी होती, चष्म्याच्या काचांवर ऊन पडल्यामुळे डोळे दिसत नव्हते.

माघात ती गेली. पवनारला धामच्या पात्रात अस्थी सोडल्या. पाण्यातून बाहेर येताना दादा जमलेल्यांना म्हणाला, एकच समाधान आहे, घर गेल्याचं आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी ओल्या लुगड्यात उभी होते, आणि आईला जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते, म्हणून गप्प बसले.

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. तेरवीला तेच, वर्षश्राद्धाला तेच. आता गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात, पंगतीत बसून, तो दुसऱ्या एका माणसाला शिकवत होता की म्हाताऱ्या माणसांना काही सांगायचंच नसतं. घर विका, शेत विका, सांगायचं दुरुस्ती चालू आहे. आमची आई किती आनंदात गेली बघा. आणि तो माणूस लक्ष देऊन ऐकत होता. त्याच्याही घरी आई आहे.

म्हणून मी हे लिहिलं. आईनं 'मी आहो तोवर' म्हटलं होतं. ती आता नाही. माझ्यावर तिचं बंधन नाही.

दादा, आईला माहीत होतं. तू तोंड उघडलंस त्या भादव्याच्या दिवसापासून माहीत होतं. तू तिला सुखात ठेवलं नाहीस, तिनं तुला ठेवलं. तू डबा हलवत होतास आणि ती मुद्दाम चुकीची नावं घेत होती, ऐंशीकडे झुकलेली बाई, सुजलेल्या पायांची, स्वतःच्या भुलाबाई मागायला भिणारी. त्या भुलाबाई माझ्या दुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर आहेत. नाक उडालेलं तसंच ठेवलं आहे. ये आणि त्यांच्यासमोर उभा राहून सांग, कोणत्या महिन्यात कवेलू फेरतात. आणि ते सांगून झालं की हेही सांग, की विकण्याआधी तिला विचारायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं. शुद्ध भाषेत नको. आपल्या भाषेत सांग.